दिवसा झोपायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. आजही आहे, पण त्या काळात त्याला काही धरबंदच नव्हता. पोलादपूरला एस.टी. स्टँडजवळ, पिठाच्या गिरणीला लागून माझा दवाखाना होता. गिरण चालू असली की ओरडूनच बोलावं लागायचं. गिरण बंद असतानाही मी ओरडूनच बोलायचे, हे मात्र पेशंटांपैकी कुणी तोंडावर सांगितलं नाही. सांगणारा एकच होता, तो घरी. महाडला घरी पोचून मी बोलायला लागले की नवरा कानावर हात ठेवून म्हणायचा, "गिरण बंद झाली गं केव्हाच!"

आयुर्वेदाची पदवी घेतली, लग्न होऊन महाडला आले आणि वर्षभरात पोलादपूरला दवाखाना थाटला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या एस.टी.ने परत. पेशंट सगळे आसपासच्या गावांतले आणि वरच्या डोंगरवाड्यांतले. कुणाचा खोकला, कुणाची कंबर, कुणाच्या पोटात गोळा. आणि मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारायचे तो झोपेचा. किती वाजता पडता? मध्ये जाग येते का? उठल्यावर अंग हलकं असतं की जड? लोक बिचारे गोंधळायचे. एक म्हातारा तर शेजारच्याला म्हणाला, "माझी दाढ दुखतेय नि ही बाय झोपंचा इचार करतेय. डोस्कं ठिकाणावर हाय ना?"

पण माझा तो हट्टाचा विषय होता. कॉलेजात आमचे एक सर सांगायचे की शरीराचं घर तीन खांबांवर उभं असतं: आहार, झोप आणि संयम. पहिल्याबद्दल लोक तासभर बोलतील, तिसऱ्याबद्दल लाजतील, आणि दुसऱ्याबद्दल त्यांना काही म्हणायचंच नसतं. अंगावर मांस धरणं, ताकद येणं, बाईला दूध येणं, डोकं जाग्यावर राहणं, हे सगळं झोपेवर आहे, असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे. मी त्यांच्याकडून विषय घेतला आणि हात आपटायची सवयही घेतली.

माझ्याशी वाद घालणारे एक गृहस्थ होते. महाडचे मुसलमान, स्वतः वीस वर्षं गाडी चालवून मग दोन ट्रकांचे मालक झालेले. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचे. त्यांचे ड्रायव्हर रातभर कशेडीचा घाट उतरून यायचे आणि पित्त, पाठ, डोळ्यांची आग असलं काहीबाही घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. मी एकदा ठणकावून सांगितलं की दिवसा झोपू नका, कफ वाढतो, डोकं जड होतं, भूक मरते. चाचा खवळलेच. "डॉक्टरीण, तुमचं पुस्तक घाटात गाडी चालवतं काय? रातभर गाडी हाकून आलेला माणूस दिवसा नाही झोपायचा तर काय दरीत जाऊन झोपायचा?"

मग मला सगळं नीट सांगावं लागलं. की चाचा, नियमाला सवलती आहेत. उन्हाळ्यात रात्र लहान, तेव्हा दुपारी झोपलेलं चालतं. रात्री जागरण झालं असेल तर जेवढा वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, पण जेवायच्या आधी, रिकाम्या पोटी. शिवाय पोरं, म्हातारी माणसं, अशक्त, ओझी वाहून दमलेले, रडलेले, घाबरलेले, रागावलेले, या सगळ्यांना दिवसा झोपायची मुभा आहे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदोनदा विचारलं, ड्रायव्हरांनाही समजावलं. ही यादी मी घरी बोलून दाखवली तेव्हा नवरा म्हणाला, "रागावलेले? मग तू दिवसभर झोप काढ. शास्त्राची परवानगी आहे तुला."

त्याच पावसाळ्यात, आषाढात, कुडपणच्या अलीकडच्या एका वाडीतून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. म्हातारी म्हणजे पन्नाशीची असेल, पण डोंगरात बायका लवकर वाळतात. सून जेमतेम वीसची, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. घरात या दोघी, दोन म्हशी आणि नाचणीचं शेत. सरकारी दवाखान्यात नाव घातलेलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, सगळं ठीक होतं. माझ्याकडे आली ती खोकल्यासाठी. तोंडाला चव नाही, अंग जड, भात खाल्ला की दुपारभर झोप.

दवाखाना गच्च भरलेला. बाहेर धो धो पाऊस. त्यांच्या बाजूची शेवटची एस.टी. सुटायला आलेली. मी काढा दिला, चाटण दिलं, आणि त्या दाराशी पोचल्या तेव्हा मागून ओरडले, "आणि हिला दिवसा झोपू द्यायचं नाही! अजिबात नाही! डोळा मिटला की उठवा!"

म्हातारीने वळून मान हलवली. वाद घातला नाही. किती दिवस, कधीपर्यंत, रात्री झोप झाली नाही तर काय, यातलं काही विचारलं नाही. चाचा भांडले म्हणून त्यांना सगळं मिळालं. ही भांडली नाही, म्हणून हिला अर्धंच मिळालं. हे मला त्या वेळी कळलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

भाद्रपदात ती बाळंत झाली. मुलगा झाला. आश्विनात एकदा म्हातारी एकटीच खाली आली, माझ्यासाठी दोन मोठ्या काकड्या घेऊन. सुनेला दूध कमी येतं म्हणाली. आणखी काहीतरी सांगत होती, पोर रात्रीचं रडतं वगैरे, पण गिरणीवर कुणाचं तरी पायलीभर दळण पडलं होतं. मी शतावरी दिली, अळिवाची खीर सांगितली आणि माझा ठरलेला प्रश्न विचारला. "दिवसा झोपत नाही ना?"

"नाय, बाय. जराबी नाय."

"शाब्बास!" मी म्हणाले.

शाब्बास म्हणाले मी.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी हात रिकामे होते. बाकावर बसली ती बोलेचना. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा पदरात तोंड घालून रडायला लागली. सून भ्रमिष्टासारखी करते, म्हणाली. चुलीपाशी बसली की बघतच बसते. आमटीत दोनदा मीठ घालते, नाहीतर घालतच नाही. आपल्याच नादात काहीतरी पुटपुटते. दूध जवळजवळ गेलं. आणि चार दिवसांपूर्वी पोराला मांडीवर घेऊन बसली असताना पोर तिच्या हातून सुटलं, चुलीच्या बाजूला. म्हातारी तिथेच होती म्हणून वाचलं.

"वाडीत म्हणतात भायेरचं लागलंय. ल्योकाला फोन केला. तो दिवाळीला येतोय. म्हनतो, हिला म्हायेरी धाडू आनि पोराला पनवेलला बहिणीकडे ठेवू, बाटलीच्या दुधावर. ही काय बोलत नाय, बाय. फकस्त तेवढंच बोलते, पोर नेऊ नका. दिवसभर तेवढंच. काय तरी द्या. आठ दिस हायत दिवाळीला."

माझ्याकडे द्यायला काय होतं? शतावरीची आणखी एक बाटली? मी त्या बाईकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तिचेही डोळे खोल गेलेत. म्हटलं, मी येते. रविवारी वर येते, तिला बघते. बाळंतपणानंतर बाईचं डोकं फिरतं, तसं काही असेल तर मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, हेही मनात होतंच.

रविवारी पहिली एस.टी. धरली, आंबेनळीच्या रस्त्याला उतरले आणि चढायला लागले. तेव्हा त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायवाट, आणि तीही म्हशींनी तुडवून खड्डे पाडलेली. दर वळणावर मला वाटायचं की पोचले, आणि वर आणखी एक वळण असायचं. मी जोरजोरात स्वतःलाच शिव्या घालत होते. साडेनऊच्या सुमारास वर पोचले तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि डोकं आधीच तापलेलं होतं.

अंगणात नाचणीची कणसं वाळत घातलेली. पडवीत खांबाला टेकून सून बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. आषाढात गोल चेहऱ्याची, लाजरी पोर पाहिली होती. आता नुसते गाल बसलेले, डोळे लाल, आणि मान अशी सारखी खाली जाणारी. तिच्यासमोर शेजारची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. पोरीची मान कलली. त्या बाईने तांब्यात बोटं बुडवून सप्पकन तिच्या तोंडावर पाणी मारलं. "ए गो, उठ. झोपू नको. बघ माझ्याकडं." पोरगी दचकून सरळ झाली. क्षणभराने पुन्हा मान खाली. पुन्हा पाणी.

माझा भडका उडाला. पिशवी टाकली आणि अंगणातूनच ओरडले, "अगं, हा काय छळ लावलाय? जीव घेता का पोरीचा? कुणी सांगितलं तुम्हाला असलं करायला? कोण तो अर्धवट?"

तांब्या घेतलेली बाई उठून उभीच राहिली. म्हातारी बाळाला घेऊन घरातून बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हातारी अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "तुमीच वो, बाय."

आणि तिने माझं वाक्य म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. हिला दिवसा झोपू द्यायचं नाही, अजिबात नाही, डोळा मिटला की उठवा. तीन महिने ते तिने जपून ठेवलं होतं.

हळूहळू सगळं कळलं. बाळ रात्रभर रडायचं, पहाटे कुठे झोपायचं. त्यामुळे पोरीला रात्री झोप नाही. आणि दिवसा माझी बंदी. एकटीने तिला जागं ठेवणं म्हातारीला जमेना, तेव्हा वाडीतल्या बायकांनी वाटून घेतलं. रानडुकरं येतात म्हणून नाचणीच्या शेतावर राखणीला जसे घराघरातून आळीपाळीने जातात, तसं. आज सकाळी ही, दुपारी ती. कापणी ऐन भरात असताना स्वतःचं शेत सोडून त्या इथे येऊन बसत होत्या. कुणी तिला चिंच आणून देत होती, चघळ म्हणून. कुणी गाणी म्हणत होती, कुणी माहेरच्या गोष्टी काढत होती. कुणीही तिच्यावर हात उचलला नाही. पाणी मारायचं तेही थंडगार नको म्हणून कोमट करून घेतलेलं. मी त्या तांब्यात बोट घालून बघितलं, म्हणून सांगते.

"एरवी आमच्यात बाळंतीन न्हाली, शेकली की पडते घडीभर पोराबरूबर," म्हातारी म्हणाली. "माज्या चारी बाळंतपनात मी झोपायची. पन म्हटलं, आमाला काय कळतं? बाय शिकलेली हाय. तिनं शाब्बासबी म्हटलं."

माझ्या तोंडातून पटकन निघालं, "अहो, पण ते मी सातव्या महिन्यातलं सांगितलं होतं! तेव्हा कफ होता, म्हणून. बाळंत झाल्यावर नाही काही..."

"मंग माझंच चुकलं वो ऐकन्यात," म्हातारी लगेच म्हणाली. "अडान्याचा कारभार. माझंच चुकलं."

आणि मला हायसं वाटलं. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं, की सुटले. वाडीतल्या चार-पाच बायका जमल्या होत्या, त्या माना हलवत होत्या, की हो, म्हातारीच्याच ऐकण्यात चुकलं. दवाखान्याचं नाव राहिलं. मग माझी नजर त्या पोरीकडे गेली. ती कुणाचंच ऐकत नव्हती. तिची मान कलली होती, आणि पाणी मारायला कुणी नाही म्हणून तिनेच स्वतःच्या दंडाला चिमटा काढला. तो दंड चिमट्यांनी काळानिळा झालेला होता. डोळा लागला तर पोर नेतील या भीतीने ती स्वतःच स्वतःवर पहारा करत होती.

मला रडूच आलं. दवाखान्यात मी कधी रडले नव्हते. म्हटलं, "नाही हो, तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं. मी अर्धंच सांगितलं. रात्री जागलेल्या बाईने दिवसा झोपायचंच असतं. हे मी ट्रकवाल्यांना सांगते, आणि तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही करत होता तेच बरोबर होतं, तुमच्या चारी बाळंतपणांत."

म्हातारीने बाळाला माझ्या हातात दिलं आणि तेलाची वाटी आणायला आत गेली.

सून अजून जेवली नव्हती, ते बरंच झालं. पडवीत वाकळ घातली. तिला आडवं केलं तर ती उठायला धडपडायला लागली. मी सांगितलं, झोप आता, मी सांगतेय झोप. तिने माझ्याकडे बघितलं, पण मी कोण हे तिच्यापर्यंत पोचलं असं मला वाटत नाही. मग म्हातारी तिच्या पायथ्याशी बसली आणि तळव्यांना तेल चोळायला लागली. डोक्यावर थोडं घातलं, कानात बोट फिरवलं. पाच मिनिटं गेली नसतील, पोरीचा हात वाकळीवरून खाली घरंगळला.

आणि सगळी वाडी गप्प बसली. इतके दिवस जागं ठेवायला आलेल्या बायका आता झोप राखायला बसल्या. एकीने कोंबड्या हाकलल्या, तेही तोंडाने न ओरडता, हातवारे करत. एकीचं स्वतःचं तान्हं होतं, तिने या बाळाला अंगावर घेऊन पाजलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चार तास तोंड बंद ठेवून बसले. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा विश्वास बसला नाही.

पोर कुठेही गेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सकाळी रिकाम्या पोटी झोप, दुपारी बाळाबरोबर झोप, रात्री म्हशीचं गरम दूध, आणि रात्रीचं अर्धं रडणं म्हातारीच्या खांद्यावर. म्हातारीनेही दिवसा झोपायचं, हे मी दोनदा म्हणवून घेतलं. आठवड्याने मी पुन्हा वर गेले, गरज पडली तर हॉस्पिटलात न्यायच्या तयारीने. गरज पडली नाही. दूध परत आलं होतं. तिचा नवरा दिवाळीला आला तेव्हा त्याला बायको बाळाला न्हाऊ घालताना दिसली. पनवेलचा विषय कुणी काढला नाही. मी मात्र तेव्हापासून कुणालाही दारातून ओरडून काही सांगितलेलं नाही. पेशंट उठला की त्याला पुन्हा बसवते आणि म्हणते, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा.

पण माझ्या मनात राहिली ती त्या रविवारची दुपार. दोन वाजून गेले असतील. ऊन पडवीच्या काठापर्यंत आलं होतं. मी भिंतीला टेकून, तिच्या उशाच्या मागच्या बाजूला बसले होते, मांडीवर बाळ. तिला मी दिसत नव्हते. तिने डोळे उघडले, क्षणभर तशीच पडून राहिली, मग ऊन बघितलं आणि ताडकन उठून बसली. चेहरा पांढराफटक. पायथ्याशी सासू होती, तिचे दोन्ही हात हिने घट्ट धरले.

"आये, मला झोप लागली गो," ती कुजबुजली. "डाक्टरीनबायला सांगू नको. परत नाय झोपनार मी, कधी नाय झोपनार. पोराला नेऊ नका."